गाण्याच्या मालकाला ‘नाही’ म्हणता येतं का?

आज एका खटल्याची गोष्ट सांगायची आहे. खटला दोन कंपन्यांमधला आहे, कॉपीराइटचा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयातला आहे. एवढं ऐकून तुम्ही म्हणाल की, यात आपला काय संबंध? संबंध आहे. तुमच्या फोनमध्ये काल होतं ते गाणं आज का दिसत नाही, या प्रश्नाचं उत्तर या खटल्यात आहे. आणि ते उत्तर नीट समजायचं तर साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हा विषय इतिहासाच्या मालिकेत घेतला.

प्रश्न साधा आहे. एफएम रेडिओवर एखादं गाणं वाजवायचं असेल तर रेडिओवाल्याला गाण्याच्या मालकाची परवानगी मागावी लागत नाही. त्याने आगाऊ कळवायचं, ठरलेल्या दराने पैसे भरायचे आणि गाणं लावायचं. मालकाला ‘नाही’ म्हणता येत नाही. पण तेच गाणं फोनवरच्या अ‍ॅपला द्यायचं असेल तर मालकाची परवानगी लागते. मालक ‘नाही’ म्हणाला की विषय संपला. गाणं तेच, ऐकणारा तोच, मग फरक का? इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादच्या मराठी घरात आज गाणी ऐकायचा मुख्य मार्ग फोन आहे. त्यामुळे हा फरक कुठून आला ते आपल्याला माहीत असायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गाण्याचा मालक असं आपण सहज म्हणतो, पण एका गाण्यात मालकीचे तीन थर असतात. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि स्टुडिओत झालेल्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. कायद्याच्या भाषेत पहिलं साहित्यकृती, दुसरं संगीतकृती आणि तिसरं ध्वनिमुद्रण. हिंदी किंवा मराठी चित्रपटगीताच्या बाबतीत हे हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडून संगीत कंपनीकडे गेलेले असतात. म्हणजे ज्याने गाणं लिहिलं किंवा ज्याने चाल बांधली, तो ‘नाही’ म्हणणारा मालक नसतो. ही बाब लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता १९५२ सालात जाऊ. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि चित्रपटसंगीताबद्दल फारसं चांगलं मत नसलेले हे मंत्री. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं कमी करायची हे त्यांचं धोरण सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यात एक कॉपीराइटची बाजू होती, ती सहसा सांगितली जात नाही. आकाशवाणी चित्रपटगीतं वाजवायची ती निर्मात्यांशी झालेल्या करारावर. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगितलं जायचं आणि निर्मात्यांना ते हवं होतं. सरकारी रेडिओवरून चित्रपटाचं नाव उच्चारणं ही फुकटची जाहिरात आहे, असं केसकरांचं म्हणणं. नाव सांगणं बंद झालं. त्यावर निर्मात्यांनी आपल्या हातातलं एकमेव हत्यार उचललं. त्यांनी परवानगी काढून घेतली. ‘नाही’ म्हणाले.

पुढे काय झालं हे आपल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गायब झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज देशभर पोचला. भारतात तयार झालेली गाणी भारतीय श्रोते परदेशी केंद्रावरून ऐकू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली.

या प्रसंगाकडे आपण नेहमी केसकरांच्या कडक धोरणाची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात दुसरी एक गोष्ट दिसते. गाण्याच्या मालकाने ‘नाही’ म्हटलं तर देशातलं सर्वांत मोठं प्रसारण केंद्रसुद्धा हतबल होतं, हे तेव्हा दिसलं. आणि मालकाच्या ‘नाही’चा फटका मालक आणि सरकार यांच्यापेक्षा श्रोत्याला जास्त बसतो, हेही दिसलं.

ज्या वर्षी विविध भारती आली त्याच वर्षी संसदेने नवा कॉपीराइट कायदा केला. १९५७ चा हा कायदा आजही, अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे. दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण या कायद्याच्या ३१व्या कलमात एक तरतूद होती. प्रसिद्ध झालेली कलाकृती मालक लोकांपर्यंत पोचू देत नसेल, किंवा रेडिओवर देण्यासाठी वाजवी अटी मान्य करत नसेल, तर कॉपीराइट मंडळाकडे तक्रार करता येईल. मंडळ मालकाचं म्हणणं ऐकेल आणि नकार वाजवी नाही असं वाटलं तर सक्तीचा परवाना देईल. दर मंडळ ठरवेल. म्हणजे मालकाला ‘नाही’ म्हणता येतं, पण त्या ‘नाही’ला कारण द्यावं लागतं.

ही तरतूद बराच काळ फारशी वापरली गेली नाही, कारण रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी होती. चित्र बदललं २००१ मध्ये. बेंगळुरूला रेडिओ सिटी सुरू झालं आणि देशात खासगी एफएम आला. खासगी एफएमचा सगळा धंदा चित्रपटगीतांवर. सकाळी गाणी, दुपारी गाणी, रात्री गाणी. संगीत कंपन्यांनी हिशेब केला की, हे आपल्या मालावर जाहिराती मिळवतात, तर आपल्याला भरपूर मिळायला हवं. रेडिओ कंपन्यांनी उलटा हिशेब केला. सरकारला परवान्याचे पैसे द्यायचे, यंत्रणेचे द्यायचे आणि वर संगीत कंपन्या तासामागे मागतील ते द्यायचे, तर उरणार काय?

या भांडणाचं माप होतं ‘नीडल अवर’. शब्द जुन्या तबकडीच्या सुईवरून आलेला. तासाभराच्या कार्यक्रमातलं निवेदकाचं बोलणं, जाहिराती, बातम्या वगळून प्रत्यक्ष गाणी जितका वेळ वाजली तेवढाच वेळ मोजायचा. असे साठ मिनिटं भरले की एक नीडल अवर. सुई गेली, तबकडी गेली, पण मोजायचा शब्द राहिला.

वाद कॉपीराइट मंडळातून उच्च न्यायालयांत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. एंटरटेनमेंट नेटवर्क विरुद्ध सुपर कॅसेट या प्रकरणात मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. एक, अवाजवी अटी घालणं हासुद्धा नकारच असतो. तोंडाने ‘हो’ म्हणायचं आणि परवडणार नाही असा दर सांगायचा, हे कायद्याला चालत नाही. दुसरं, सक्तीचा परवाना एकाच अर्जदाराला नव्हे, अनेकांना मिळू शकतो. त्यानंतर २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट मंडळाने एफएमसाठी दर ठरवला. रेडिओ केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम संगीत कंपन्यांमध्ये प्रमाणात वाटायची. रेडिओवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संगीत कंपन्यांना तो आपल्यावर दरोडा वाटला. तुमचं मत कुठेही असो, दोन टक्के हा आकडा लक्षात ठेवा. मालकाचा ‘नाही’ काढून घेतला की दर कुठे जाऊ शकतो, याचं ते उदाहरण आहे.

मग आली २०१२ ची दुरुस्ती. संसदेने कायद्यात ३१-ड हे नवं कलम घातलं. जुन्या ३१व्या कलमात आधी मागायचं, नकार मिळवायचा, मग मंडळापुढे भांडायचं, असा लांबचा रस्ता होता. ३१-डने तो रस्ता बराच छोटा केला. प्रसारण संस्थेने प्रसिद्ध झालेल्या गाण्याबद्दल मालकाला आगाऊ सूचना द्यायची, त्यात प्रसारण किती काळ आणि कोणत्या भागात होणार ते सांगायचं, मंडळाने ठरवलेल्या दराने पैसे भरायचे आणि गाणं वाजवायचं. याला वैधानिक परवाना म्हणतात. यात नकाराला जागाच नाही. कलमात असंही आहे की प्रसारणाबरोबर रचनाकारांची आणि मुख्य कलाकारांची नावं सांगायची, गाण्यात परवानगीशिवाय नवा बदल करायचा नाही आणि हिशेबाची पुस्तकं ठेवायची. १९५२ मध्ये नाव उच्चारण्यावरून घोडं अडलं होतं. साठ वर्षांनी नावं सांगणं हे परवान्याचीच अट झालं. अर्थात चित्रपटाचं नाव नव्हे, रचनाकारांचं आणि कलाकारांचं.

याच कलमातलं एक वाक्य पुढच्या खटल्यात निर्णायक ठरलं. मंडळाने रेडिओ प्रसारणाचे आणि दूरचित्रवाणी प्रसारणाचे दर वेगवेगळे ठरवावेत, असं ते सांगतं. रेडिओ आणि दूरचित्रवाणी, दोनच नावं.

आता आपण खटल्यापाशी पोचलो. एका बाजूला टिप्स. तौरानी बंधूंची ही मुंबईची कंपनी कॅसेटच्या जमान्यात वाढली. ‘राजा हिंदुस्तानी’, ‘रेस’ अशा चित्रपटांचं संगीत तिच्याकडे आहे. दुसऱ्या बाजूला विंक म्युझिक, २०१४ मध्ये आलेलं एअरटेलचं गाण्यांचं अ‍ॅप. दोघांत करार होता. विंकने टिप्सची गाणी अ‍ॅपवर ठेवायची आणि पैसे द्यायचे. २०१६ मध्ये कराराची मुदत संपली. थोडी मुदतवाढ झाली, बोलणी झाली, पण पैशांवर एकमत झालं नाही. टिप्सने सांगितलं की आमची गाणी काढा. २०१७ मध्ये तशी नोटीस गेली. विंकने उत्तर दिलं की आम्ही प्रसारण संस्था आहोत, आम्हाला ३१-डचा परवाना मिळू शकतो, आणि आम्ही तो घेत आहोत.

डाव कसा होता बघा. कराराच्या टेबलावर जो दर मिळत नव्हता तो कायद्याच्या रस्त्याने मिळवायचा. जे हत्यार रेडिओसाठी घडवलं होतं ते आता अ‍ॅपच्या हातात. टिप्स न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा उभा राहिला.

विंकचं म्हणणं पोकळ नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. आपण निकाल वाचताना हरलेल्या बाजूला मूर्ख ठरवून मोकळे होतो. विंकच्या बाजूने कायद्यातले शब्द होते. ‘प्रसारण’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या रुंद आहे. तारेने किंवा बिनतारी मार्गाने लोकांपर्यंत पोचवणं, असं तिचं रूप आहे. लोकांपर्यंत पोचवण्याच्या व्याख्येत, ऐकणाऱ्याने आपल्याला हव्या त्या वेळी आणि हव्या त्या ठिकाणी ऐकणं हेही येतं. इंटरनेटवरचं गाणं यात का बसू नये? शिवाय सरकारही त्यांच्या बाजूला होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला औद्योगिक धोरण विभागाने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं होतं. ३१-ड फक्त रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतं नाही, इंटरनेटवरचं प्रसारणही त्यात येतं, असं त्यात म्हटलं होतं.

२३ एप्रिल २०१९ ला न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी निकाल दिला. निकाल अंतरिम टप्प्यावरचा होता, पण कायद्याच्या प्रश्नांवर तो सविस्तर बोलला. त्याची विभागणी मी तीन प्रश्नांत करतो.

पहिला प्रश्न, विंक नेमकं करत काय होतं? अ‍ॅपवर तीन प्रकार होते. पैसे देऊन गाणं कायमचं उतरवून घेता येत होतं. वर्गणी भरून, इंटरनेट नसतानाही, वर्गणी चालू असेपर्यंत गाणी ऐकता येत होती. आणि इंटरनेट चालू असताना नुसतं ऐकता येत होतं. न्यायालयाने म्हटलं की पहिला प्रकार ही ध्वनिमुद्रणाची विक्री आहे आणि दुसरा प्रकार भाड्याने देणं आहे. विक्री आणि भाडं हे मालकाचे स्वतंत्र हक्क आहेत, त्यांचा प्रसारणाशी संबंध नाही. मग ३१-ड इथे लागूच कसं होईल? विंकने असंही म्हटलं की गाणं साठवून ठेवतो तो ग्राहक, आणि खासगी वापरासाठी साठवण्याची मुभा कायद्यात आहे. ती मुभा माणसाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे, त्या वापरावर धंदा चालवणाऱ्या कंपनीसाठी नाही, असं उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न हा खटल्याचा गाभा. इंटरनेटवर नुसतं ऐकवणं ३१-डमध्ये येतं का? न्यायालय म्हणालं, नाही. कलमात दर ठरवायचे ते रेडिओचे आणि दूरचित्रवाणीचे. नियमांतही त्याच दोघांची व्यवस्था. संसदेने २०१२ मध्ये हे कलम केलं तेव्हा इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवा जगात अस्तित्वात होत्या. संसदेच्या स्थायी समितीने या दुरुस्तीची छाननी केली, तिच्यासमोरही हा विषय अज्ञात नव्हता. तरीही कलमात इंटरनेटचं नाव नाही, म्हणजे ते मुद्दाम घातलेलं नाही. आणि हे कलम मालकाची मालमत्ता त्याच्या इच्छेविरुद्ध वापरू देतं, म्हणून त्याचा अर्थ ताणायचा नाही, काटेकोरपणेच लावायचा.

यात माझी एक भर. ३१-डच्या सूचनेत काळ आणि प्रदेश सांगावा लागतो. नियमांत कार्यक्रमाच्या वेळेचाही तपशील मागितला आहे. रेडिओवाला हे सांगू शकतो, कारण त्याचा मनोरा ठरलेल्या शहरात आहे आणि त्याचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी आहे. अ‍ॅपवाला काय सांगणार? कोण, कुठे, किती वाजता कोणतं गाणं दाबेल हे त्याला माहीतच नसतं. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मनोरा होता, फोन नव्हता, हे त्या तपशिलांतूनच कळतं.

तिसरा प्रश्न दराचा. समजा एखाद्याला वैधानिक परवाना मिळू शकतो. पण मंडळाने दरच ठरवला नसेल तर? न्यायालयाने म्हटलं की आधी दर ठरला पाहिजे, मग परवाना. इंटरनेटसाठी असा दर कुणी ठरवलेला नव्हता. आधी गाणं वाजवायचं आणि किती द्यायचे ते नंतर बघू, हे चालणार नाही.

आणि सरकारचं ज्ञापन? त्याला कायद्याचं बळ नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मला हा मुद्दा या निकालातला सर्वांत मोलाचा वाटतो. एखादा विभाग कागद काढून कायद्याचा अर्थ वाढवू शकत नाही. कायदा वाढवायचा असेल तर संसदेत जावं लागतं. संगीतापुरतं हे छोटं वाटेल, पण कुठल्याही नागरिकाच्या कुठल्याही हक्काबाबत ते लागू आहे.

विंकला टिप्सची गाणी वापरण्यास मनाई झाली. विंक अपिलात गेलं. २० ऑक्टोबर २०२२ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने मूळ निकाल कायम ठेवला. ३१-ड इंटरनेटला लागू नाही, हे पुन्हा स्पष्ट झालं.

त्या काळात हा रस्ता धरून बघणारं विंक एकटं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा वॉर्नरच्या काही रचनांसाठी त्यांनीही ३१-डचाच आधार घेतला होता आणि तो वादही मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पुढे दोघांत करार झाला. सरकारनेही प्रयत्न सोडला नाही. निकालानंतर सव्वा महिन्याने, ३० मे २०१९ ला, नियमांचा मसुदा आला. त्यात रेडिओ आणि दूरचित्रवाणी या शब्दांच्या जागी प्रत्येक प्रकारचं प्रसारण अशा अर्थाचे शब्द सुचवले होते. २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्य विषयक स्थायी समितीने ३१-डमध्ये इंटरनेटचा समावेश करण्याची शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालकाला ‘नाही’ म्हणता यावं का? माझं मत सांगतो. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला आणि ते बरोबरच केलं. रेडिओच्या बाबतीत ‘नाही’ काढून घेण्याला काही कारणं होती. रेडिओ फुकट आहे, खेड्यापाड्यात पोचतो आणि रेडिओवर गाणं आपण निवडत नाही, ते लागेल तेव्हा ऐकतो. रेडिओवर ऐकलेलं गाणं आवडलं तर लोक कॅसेट विकत घ्यायचे. अ‍ॅपवर हवं ते गाणं हव्या त्या वेळी मिळतं, मग विकत घ्यायला उरतं काय? अ‍ॅप हेच दुकान झालं आहे. दुकानदाराने मालकाला न विचारता माल मांडायचा आणि दर दुसऱ्याने ठरवायचा, हे रेडिओच्या तर्काने सिद्ध होत नाही. त्यात इथे दुकानदार म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपन्यांपैकी एकीचं अ‍ॅप होतं. रेडिओसाठी केलेली सवलत तिला कशासाठी?

पण दुसरी बाजूही खरी आहे. ‘नाही’चा हक्क मोठ्यांना परवडतो. दहा कंपन्यांकडे देशातली बहुसंख्य गाणी असतील तर नवं, छोटं अ‍ॅप काढणाऱ्याला प्रत्येकाच्या दारात उभं राहावं लागतं. आणि बोलणी फिसकटली की सकाळी उठून बघावं तर आपण जमवलेल्या यादीतली गाणी राखाडी होऊन बसलेली असतात. १९५२ मध्ये श्रोत्याला निदान सिलोन लावता येत होतं.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेली गोष्ट. कंपन्यांच्या या भांडणात शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा कुठे असतो? बराच काळ तो कुठेच नव्हता. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने, म्हणजे आयपीआरएसने, वाजवण्याचे पैसे मागितले तेव्हा चित्रपट निर्माते कोलकाता उच्च न्यायालयात जिंकले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. निर्मात्याने पैसे देऊन काम करून घेतलं असेल तर, वेगळा करार नसल्यास, हक्क निर्मात्याचा. त्या निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात काहीच स्थान नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. ही परिस्थिती बदलायला २०१२ साल उजाडलं. ज्या दुरुस्तीने ३१-ड आणलं, त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना त्यांच्या रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो त्यांना कंपनीच्या नावावर लिहून देताच येत नाही. वारसांना आणि रचनाकारांच्या संस्थेलाच तो देता येतो. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी आवाज उठवला होता.

हक्क कागदावर आला, पण रेडिओवाले म्हणत राहिले की आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे देतो, त्यात शब्द आणि चाल आलीच. २८ एप्रिल २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी सांगितलं की तसं नाही. ध्वनिमुद्रण वाजवलं की गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वेगळी द्यावी लागेल.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले की मला एक फरक जाणवतो. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कंपनीकडे आहे, कारण मालकी तिच्याकडे आहे. गीतकार आणि संगीतकाराकडे ‘नाही’ नाही, त्यांच्याकडे फक्त हिश्श्याचा हक्क आहे. म्हणून ३१-डमध्ये उद्या इंटरनेट घालायचं ठरलं, तर मी पहिला प्रश्न हा विचारीन की दर कोण ठरवणार आणि त्यातलं किती त्या दोघांपर्यंत पोचणार. कॉपीराइट मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या मंडळात विलीन झालं, ते दुसरं मंडळ २०२१ मध्ये बंद झालं आणि काम न्यायालयांकडे आलं. ज्याने दर ठरवायचा ते घरच टिकत नसेल, तर ठरलेल्या दराने पैसे भरून गाणं लावण्याची व्यवस्था कुणाच्या जिवावर चालवायची?

शेवटची नोंद. ज्या विंकने हा खटला लढवला ते अ‍ॅप बंद करायचं एअरटेलने २०२४ मध्ये जाहीर केलं. अ‍ॅप गेलं, पण खटल्यातून निघालेला नियम राहिला. आज भारतात फोनवर गाणी ऐकवणाऱ्या प्रत्येक सेवेला मालकाच्या दारात जाऊन विचारावंच लागतं. संसदेने शब्द बदलेपर्यंत ते असंच राहील.

पुढच्या वेळी एखादं आवडतं गाणं अ‍ॅपवरून नाहीसं झालं तर चिडण्याआधी त्याखालची नावं वाचा. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हक्क कुणाकडे. ‘नाही’ कोण म्हणालं ते तिथे कळेल, आणि कुणाला विचारलंच गेलं नाही तेही कळेल.